इसारावरची जमीन घेताना मधला माणूस कसा तपासावा

समजा, आर्वी तालुक्यात 3 एकराचं वावर आहे आणि मालकाला पैशाची नड आहे. गावात उठबस असलेला एक जण त्याला एकरी 12 लाखांचा भाव देतो, 2 लाख इसार म्हणून, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम म्हणून, हातात ठेवतो आणि 500 च्या स्टॅम्पवर इसारचिठ्ठी लिहून घेतो की उरलेले 34 लाख सहा महिन्यांत देऊन खरेदी करून घेईन. त्यानंतर तो 34 लाखांची जुळवाजुळव करत बसत नाही, गिऱ्हाईक शोधतो. ते गिऱ्हाईक तुम्ही. तुम्हाला भाव सांगितला जातो एकरी 15 लाख. रजिस्ट्री थेट शेतकऱ्याकडून तुमच्या नावावर होते आणि मधले 9 लाख इसार करणाऱ्याचे, म्हणजे या मधल्या माणसाचे. 2 लाख सहा महिने गुंतवून 9 लाख.

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या तहसीलसमोर चहाच्या टपरीवर तासभर बसलात तर असे दोन-तीन सौदे कानावर पडतील. अमेरिकेत याच धंद्याला होलसेलिंग म्हणतात, आणि तिथल्या इलिनॉय राज्याने 2019 मध्ये कायदा बदलून वर्षात एकाहून जास्त असे सौदे करणाऱ्याला परवाना सक्तीचा केला. आपल्याकडे शेतजमिनीच्या बाबतीत असा परवाना वगैरे काही नाही. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाची, एजंट नोंदणी प्लॉट आणि फ्लॅटच्या नोंदणीकृत प्रकल्पांपुरती आहे. शेतीचा सौदा फिरवणाऱ्याला ती लागत नाही, त्यामुळे नुसत्या शेतीच्या व्यवहारात कोणी ‘मी रेरा रजिस्टर्ड आहे’ म्हणाला तरी त्याने तुमचं काही संरक्षण होत नाही.

हा धंदा मुळात लबाडीचा आहे असं मात्र नाही. चांगला मधला माणूस खरंच काम करतो. पुण्यात राहणाऱ्या पुतण्याची सही आणतो, सोसायटीच्या कर्जाचा बोजा उतरवतो, भावाभावांतला धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, तंटा मिटवतो. त्याचे पैसे त्याने घ्यावेत. प्रश्न एवढाच की तो तुम्हाला नेमकं काय विकतो आहे.

जमीन त्याच्या मालकीची नाही, त्यामुळे ती तो विकू शकत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की विक्रीचा नुसता करार झाल्याने मालमत्तेत कुठलाही हक्क तयार होत नाही. त्याच्याकडे आहे तो शेतकऱ्याकडून खरेदी करून मागण्याचा हक्क, तोही ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेले पैसे दिले तर. तुम्ही त्याला पैसे देता ते या हक्कासाठी. तो हक्क खरा आहे का, अजून जिवंत आहे का आणि तुम्हाला देता येण्यासारखा आहे का, हे कागदावरून कळतं. त्याच्या गाडीवरून, गळ्यातल्या साखळीवरून किंवा आमदारासोबतच्या फोटोवरून कळत नाही.

इसारचिठ्ठी हातात घेऊन वाचा

मोबाइलवरचा फोटो नको, मूळ कागद मागा. सगळ्यात आधी मुदत बघा. सहा महिन्यांची असेल आणि पाच महिने उलटले असतील तर ‘दुसरं गिऱ्हाईक उद्याच टोकन देऊन राहिलं’ या घाईचं कारण तुम्हाला तिथेच सापडेल. घाई त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची नसते, मधल्या माणसाच्या तारखेची असते. मुदत संपून गेली असेल तर वाढवल्याची लेखी नोंद शेतकऱ्याच्या सहीनिशी आहे का? तोंडी वाढवली म्हणत असेल तर शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि मुदत जवळ आली असेल तर भाव करायला हीच वेळ चांगली, हेही लक्षात असू द्या.

मग एक ओळ शोधा. बहुतेक इसारचिठ्ठ्यांत ती अशी असते: ‘तुमचे नावे किंवा तुम्ही सांगाल त्या इसमाचे नावे खरेदीखत करून देईन.’ ही ओळ असेल तर शेतकऱ्याने आधीच मान्य केलं आहे की खरेदी तिसऱ्याच्या नावावर होऊ शकते. नसेल, किंवा हा हक्क दुसऱ्याला देता येणार नाही असं लिहिलेलं असेल, तर शेतकऱ्याची नव्याने लेखी संमती लागेल. ती न घेता दिलेलं टोकन म्हणजे हवेवर दिलेले पैसे.

‘ताबा दिला’ असं लिहिलं आहे का, तेही पाहा. ताबा दिलेला करार असेल तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीखताइतकी स्टॅम्प ड्युटी लागते आणि तो नोंदवावाही लागतो. 500 च्या स्टॅम्पवर ताबा दिल्याचं लिहिलं असेल तर तो कागद कोर्टात अडतो. नोटरीचा लाल शिक्का पाहून बरेच लोक निर्धास्त होतात. नोटरीने फक्त सह्या आपल्यासमोर झाल्याचं सांगितलेलं असतं. नोंदणी दुय्यम निबंधकाकडेच होते, आणि नोंदणी न झालेली इसारचिठ्ठी कुठल्याही सरकारी दफ्तरात दिसत नाही. इंडेक्स दोनमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या सूचीत नाही, सातबाऱ्यावर नाही. म्हणजे त्याच शेतकऱ्याने त्याच वावराची आणखी एक इसारचिठ्ठी दुसऱ्या कोणाला लिहून दिली असेल, तर ती तुमच्या वकिलाच्या शोध अहवालातही येणार नाही.

म्हणून या सगळ्या तपासणीत एक गोष्ट अशी आहे की तिला पर्याय नाही. शेतकऱ्याला भेटा. एकट्याने भेटा, मधल्या माणसाशिवाय, त्याच्या घरी.

मालकाच्या ओसरीवर

चांगला मधला माणूस इथे अडवत नाही. तुम्ही त्याला वळसा घालून थेट सौदा कराल ही त्याची भीती खरी असते, आणि ती घालवायची तर त्याचा हिस्सा आधीच लिहून द्या. तेवढं करूनही तो ‘मालकाची तब्येत बरी नसते जी’, ‘तो बाहेरगावी हाय, रजिस्ट्रीच्या दिवशी येतेच ना’ असंच म्हणत राहिला, तर माझ्या मते तो सौदा तिथेच सोडावा. याहून मोठी खूण मला माहीत नाही.

भेटल्यावर शेतकऱ्याला भाव विचारू नका, तो त्या दोघांचा प्रश्न. विचारायचं ते हे: काका, तुम्हाला आतापर्यंत किती पैसे मिळाले? कागदावर तेवढेच लिहिले आहेत का? आणखी कोणाला लिहून दिलं का? बहिणी काय म्हणतात? शेवटचा प्रश्न सहज विचारल्यासारखा विचारा, पण त्याचं उत्तर नीट ऐका. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे, आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असं दिसलं, तर जमीन त्याची एकट्याची नाही हे धरूनच चाला. बहिणींचं नोंदवलेलं हक्कसोडपत्र नसेल तर खरेदीखतावर त्यांच्याही सह्या घ्या.

आणि एक गोष्ट, जी विदर्भात तरी नजरेआड करता येत नाही. कधीकधी शेतकऱ्याला जमीन विकायचीच नसते. त्याने पेरणीच्या तोंडावर किंवा दवाखान्यासाठी व्याजाने पैसे घेतलेले असतात आणि तारण म्हणून इसारचिठ्ठीवर, कधी सरळ खरेदीखतावरच सही दिलेली असते. तुम्ही ‘किती पैसे मिळाले’ विचारता आणि तो ‘एवढे घेतले होते, एवढे वापस केले’ असं बोलू लागतो. ही भाषा विक्रीची नाही, कर्जाची आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम 2014 खाली अशी जमीन सावकारीतून गेल्याचं सिद्ध झालं तर जिल्हा उपनिबंधक तो व्यवहार रद्द करून जमीन मूळ मालकाला परत देऊ शकतात. मधल्या सावकाराकडून तुम्ही कितीही साफ मनाने घेतली असली तरी पुढची कितीतरी वर्षं तारखा करत फिराल. कायदा बाजूला ठेवला तरी अशा सौद्यात हात घालू नये असं मला वाटतं.

परत जाताना कोतवालाला किंवा पोलीस पाटलाला भेटा. वावर कोण वाहतो, ठोक्याने, म्हणजे खंडाने, कोणाला दिलं आहे, पांदण रस्त्यावरून कोणाशी वाद आहे, हे त्यांना पटवाऱ्याच्या दफ्तरापेक्षा आधी कळतं.

जमीन विकता येण्यासारखी आहे का

मधला माणूस प्रामाणिक असूनही इथे फसू शकतो, कारण त्यानेही फक्त चालू सातबारा पाहिलेला असतो. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून 15 रुपयांत निघतो, तेव्हा त्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका, स्वतः काढा. सोबत आठ-अ म्हणजे खातेउतारा, आणि इतर हक्काच्या रकान्यात दिसणारे सगळे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, घ्या. पूर्व विदर्भात 1954-55 चा अधिकार अभिलेखही मागा. जमीन मुळात कोणाची होती, कशी मिळाली, हे त्यात कळतं.

भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल तर थांबा. सरकारने दिलेली, कुळाला मिळालेली, अशा बऱ्याच जमिनी यात येतात आणि प्रत्येकीची अट वेगळी. कुठे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, कुठे नजराणा. ‘परवानगी निघून राहिली’ हे उत्तर चालत नाही, आदेशाची प्रत दाखवा म्हणायचं.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीने घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आधी परवानगी लागते आणि ती सहजासहजी मिळत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, मेळघाट या भागांत हा प्रश्न पावलोपावली येतो. परवानगीशिवाय झालेला व्यवहार अवैध ठरून जमीन परत जाते. जमीन मधे दोन हात फिरली असली तरी मुळाशी असा व्यवहार असेल तर दोष पुसला जात नाही.

विनोबांचं पवनार आपल्याच वर्धा जिल्ह्यात, त्यामुळे भूदानाच्या जमिनीही आपल्याकडे पुष्कळ. विदर्भात त्यांना 1953 चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम लागू आहे. ही जमीन कसायला मिळालेली असते, विकायला नाही. कुठेकुठे भूदानाची नोंद नव्या सातबाऱ्यावर उतरलेलीच नसते, जुन्या फेरफारात मात्र सापडते.

आणि झुडपी जंगल. ही भानगड पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांची: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. महसुली कागदावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनी वनजमीनच आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिला. तिथे फार्महाऊसचं स्वप्न दाखवणाऱ्याकडे पाठ फिरवा.

गुंठ्यांत जमीन विकणारे वेगळेच. 2023 च्या अधिसूचनेनुसार बहुतेक जिल्ह्यांत जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे हे प्रमाणभूत, म्हणजे कमीत कमी, क्षेत्र आहे, त्याखालचा तुकडा पाडून विकायला तुकडेबंदी कायदा आडवा येतो. अलीकडे रहिवासी भागांसाठी काही सवलती आल्या आहेत, पण त्या तुमच्या सर्व्हे नंबराला लागू होतात का हे तहसीलमधून लेखी घ्या. प्लॉट म्हणून विकत असेल तर अकृषक वापराचा कागद, मंजूर लेआउट आणि महारेरा क्रमांक, तिन्ही मागा. इथे मात्र एजंटलाही महारेरा क्रमांक लागतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

‘समृद्धीचा इंटरचेंज इथून दोन किलोमीटर’ असं सांगितलं तर गाडी काढून जाऊन बघा. येऊ घातलेल्या रस्त्यांच्या नावावर तर फारच जमीन विकली जाते. नुसत्या नकाशावरच्या रेघेचा भाव देऊ नये.

तुम्ही स्वतः शेतकरी आहात का, हेही या वेळी तपासून घ्या. विदर्भाला 1958 चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे आणि त्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मधल्या माणसांपैकी काही जण जमीन स्वतःच्या नावावर न घेता फिरवतात त्याचं एक कारण हेही असतं: त्यांना ती घेताच येत नाही. दुसरं कारण स्टॅम्प ड्युटी वाचवणं.

माणूस तपासायचा तो असा

या धंद्यातली गंमत अशी की याने आधी केलेले सौदे सरकारी कागदावर शोधून सापडत नाहीत. खरेदीखत शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्यात झालेलं, याचं नाव फार तर साक्षीदार म्हणून किंवा संमती देणारा म्हणून. तेव्हा त्यालाच विचारा: मागच्या दोन-तीन वर्षांतले सौदे कुठले? गावं सांगा. आणि तिथे जाऊन जमीन घेणाऱ्याला नव्हे, विकणाऱ्याला भेटा. घेणारा सहसा ‘चांगला माणूस आहे’ म्हणतो, कारण त्याचं काम झालेलं असतं. शेवटचा हप्ता मिळाला का, वेळेवर मिळाला का, हे विकणाराच सांगेल.

तहसीलबाहेर बसणारे अर्जनवीस आणि स्टॅम्प व्हेंडर यांना तालुक्यातला प्रत्येक फिरवणारा माहीत असतो. ते नावं ठेवणार नाहीत, पण ‘त्याच्यासोबत करा, पण पैसे चेकनेच द्या’ एवढं वाक्य पुरे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. जिल्हा कोर्टापासून तालुक्यापर्यंत त्याचं नाव टाकून पाहा. चेक न वटल्याचे कलम 138 चे खटले सापडले तर अर्थ लावायला वकील लागत नाही. शेतकऱ्याच्या नावानेही पाहा, भावकीचा दावा चालू असेल तर तिथे दिसेल.

मुखत्यारपत्रावर सौदा करत असेल तर जास्त जपून. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते सहसा तिथेच संपतं, आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर व करारावर मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं आहे. मालक हयात आहे का, त्याने ते रद्द केलं आहे का, हे पुन्हा मालकाच्याच दारी जाऊन कळतं.

साखळी असेल तर? म्हणजे पहिल्याने दुसऱ्याला फिरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तिसरा तुमच्यासमोर बसलाय. प्रत्येक कडीचा कागद हवा. एक कडी जरी तोंडी असली तर तो मधला माणूस उद्या दावा ठोकू शकतो. ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत त्याला कोर्टात जाता येतं. अशा वेळी खरेदीदाराला कायदा वाचवतो तो ‘मला आधीच्या कराराची माहिती नव्हती’ या अटीवर. तुम्हाला तर माहिती होती, तुम्ही त्याच्याच कागदावरून सौदा केला. म्हणून आधीचे इसार तुमच्या नवीन करारातच लेखी रद्द झाले पाहिजेत.

पैसे कोणाच्या हातात

सगळं जमलं तर तिघांचा एकच करारनामा करा. शेतकरी लिहून देणार, तुम्ही लिहून घेणार, मधला माणूस संमती देणार. त्यात जुनी इसारचिठ्ठी रद्द, शेतकऱ्याला पूर्वी मिळालेली रक्कम किती, आता किती, आणि मधल्याचा हिस्सा किती, हे आकड्यांत लिहा. हा करारनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. त्याने इंडेक्स दोनमध्ये तुमचं नाव येतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ते दिसतं. करार करण्याआधी पंधरा दिवस मुदतीची जाहीर नोटीस द्या, आणि ती त्या गावात खरंच वाचल्या जाणाऱ्या पेपरात द्या. न खपणाऱ्या पेपरात छापून कायद्याची पूर्तता दाखवण्याची युक्ती जुनी आहे.

शेतकऱ्याची रक्कम शेतकऱ्याच्याच खात्यात, बोजा असेल तर तेवढी थेट बँकेत किंवा सोसायटीत. मधल्याला त्याचा हिस्सा वेगळ्या चेकने. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला सहसा चालत नाही. ‘रजिस्ट्रीत 12 दाखवू, वरचे नगद द्या’ हा आग्रह इथे होतो. तसं केलंत तर उद्या व्यवहार फिसकटल्यावर तुम्ही 12 च सिद्ध करू शकाल. रस्त्यासाठी जमीन गेली तरी मोबदला ठरवताना परिसरातल्या खरेदीखतांतल्याच किमती बघितल्या जातात.

मोजणी खरेदीच्या आधी करून घ्या, भूमी अभिलेखच्या ‘क’ प्रतीसह, म्हणजे मोजणीच्या नकाशासह. सातबाऱ्यावर 1 हेक्टर 21 आर आहे आणि धुऱ्याच्या आत कमी भरतं, असं झालं तर फरकाचे पैसे कोणी सोसायचे हे करारातच ठरवा. चतुःसीमा शेजाऱ्यांना उभं करून तपासा.

खरेदीखत झालं की काम संपलं असं समजून बरेच जण त्याच संध्याकाळी मधल्या माणसाचा पूर्ण हिशेब करून मोकळे होतात. पण फेरफाराची नोटीस त्यानंतर निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि कोणी भाऊबंद किंवा आधीचा इसारवाला उभा राहायचा तर तो याच वेळी राहतो. हरकत आली की नोंद वादग्रस्तात जाते आणि मंडळ अधिकाऱ्यासमोर सुनावणी लागते. तिथे शेतकऱ्याला हजर ठेवणं, सह्या गोळा करणं, हे मधल्या माणसाचंच काम, आणि हिशेब पुरा झाल्यावर त्याचा फोन लागत नाही. म्हणून त्याच्या हिश्श्यातला शेवटचा हप्ता नव्या सातबाऱ्यावर तुमचं नाव प्रमाणित होऊन आल्यानंतरच द्यायचा, असं तिघांच्या करारनाम्यात आधीच लिहून ठेवा.